सतरावी

सुवैकच्या किनाऱ्यापासून दीड किलोमीटर आत
खल्फानच्या खजूरबागेत चाळीस डब्या पुरल्यात,
साबणवडीएवढ्या. प्रत्येकीची एक सळई मातीत,
बोटभर अँटेना वर.
समुद्र जमिनीखालून किती आत आला
हे त्या दर पंधरा मिनिटांनी सांगतात
आणि गप्प बसतात, बॅटरी वाचवत.

एकोणचाळीस जणी म्हणतात: खारं. मचूळ. खारं.
सतरावी म्हणते: गोड.
गेले बावीस दिवस म्हणतेय.
मस्कतच्या ऑफिसात तिच्यावर अख्खी स्लाइड आहे, निळ्या रंगात:
‘गोड्या पाण्याचा संभाव्य कप्पा’.
खल्फानने बोअरवाल्याला आगाऊ रियालही दिले.

फक्त सतरावी तिच्या जागी नाही.
ठरल्या झाडाखाली एक भोक, आणि मुंग्या.

तिला शोधायचं ते आवाजाच्या जोरावर.
काय बोलते ते नाही, किती मोठ्यानं ते.
तीन खांब, तिघांची जागा पक्की:
पंपघराला ऐकू येतं उणे एकाहत्तर,
गोठ्याला उणे ब्याऐंशी,
फाटकाला उणे त्र्याण्णव, तेही कधीमधी.
सगळे आकडे शून्याच्या खाली.
जवळ असणं म्हणजे इथे
जरा कमी उणं असणं, इतकंच.
अंतर दुप्पट झालं की आणखी सहा वजा,
असं पुस्तकात. पुस्तकात खजुरी नसतात,
नुकत्याच भिजलेल्या झावळ्या नसतात.

जेवणाच्या डब्याचं झाकण, वाटी, बाटलीचं बूड
नकाशावर ठेवून तीन वर्तुळं काढली.
शाळेत ती एका बिंदूत छेदायची.
इथे मधे एक वाकडा त्रिकोण उरला,
त्यात अठरा झाडं, बुजवलेली विहीर, शेळ्यांची वाट
आणि मजुरांच्या खोल्यांची मागची भिंत.

मग हातात मीटर घेऊन चालायचं.
चालायचं, आणि बसायचं.
पंधरा मिनिटं. ऑगस्ट. सावलीसुद्धा घामेजलेली.
ती एकदा बोलते, मी आकडा लिहितो,
उठतो, तीस पावलं, पुन्हा बसतो.
चौथ्या खेपेला कळलं, मीच आड येतोय:
पाठ फिरवली की आकडा नऊनं खाली.
माणूस म्हणजे पाण्याची पखाल, रेडिओला भिंत.
मग ती भिंतच वापरली.
चार दिशा, एक तास.
जिकडे पाठ केल्यावर ती सगळ्यात क्षीण झाली,
तिकडे निघालो.

उणे चौसष्ट.
उणे बावन्न.
उणे अडतीसला मी
तेलाच्या एका जुन्या पत्र्याच्या डब्यासमोर उभा होतो.

डब्यात माती, मातीतून वेल,
दोरीवरून खिडकीच्या गजांत चढलेली.
पानं जाड, देठ जांभळे.
पानांत आमची सतरावी,
अँटेना सुतळीनं काडीला बांधलेली,
गाठ माझ्यापेक्षा नीट.

मोजम्मेल बादली ठेवून उभा राहिला.
त्या रात्रीच्या वाऱ्यात उपटून पडली होती, म्हणाला,
मोडक्या हिंदीत. ही झाडांना जपते ना?
म्हणून इथे लावली.
पाणी बोअरचं नाही घालत. आपल्या प्यायच्या बाटलीतलं, रोज अर्धी.
त्याच्या भोल्यात नदी खारट झाली तेव्हा
मोजायला कुणी आलं नव्हतं, हे त्यानं
वेलीकडे बघतच सांगितलं.
‘पुई,’ तो पानाला हात लावून म्हणाला.
आमच्याकडे मायाळू म्हणतात, मी म्हणालो,
पण अर्थ सांगत बसलो नाही.

खिशात फोन वाजला. खल्फान.
‘मुहंदिस, सापडली का गोड जागा?’
सापडली, मी म्हटलं. बोअरवाल्याला थांबवा.
पलीकडे बराच वेळ नुसता पंख्याचा आवाज.

मोजम्मेलनं काडीची गाठ सोडायला घेतली.
घेऊन जाणार?

घड्याळ बघितलं. चार मिनिटं होती.
थांब, म्हटलं, तिला बोलू दे,
आणि डब्याच्या दोन बाजूंना आम्ही दोघं
उकिडवे बसलो.